चतुर्भुज मंदिरातले चार आकडे

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गाडीने जाणारे लोक उरवाई दरवाज्याने चढतात, म्हणून त्यांना ते मंदिर दिसतच नाही. किलागेटच्या बाजूने पायी निघालं, की चढावावर हाथी पोलच्या अलीकडे, लक्ष्मण दरवाज्यापाशी, एका अखंड खडकातून कोरलेलं चतुर्भुज विष्णूचं छोटं मंदिर लागतं. आत एक शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा. मजकूर अगदी व्यवहाराचा आहे: देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली आणि माळ्यांनी रोज ५० माळा द्यायच्या. या २७० मध्ये आणि ५० मध्ये शेवटी एक बारीक वर्तुळ कोरलंय, बाकीच्या अंकांपेक्षा जरा लहान. तेच शून्य. भारतात दगडावर गोल शून्य कोरलेलं आणि तारीख निश्चित असलेलं, अशा सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढले, आयुष्यभर गणित शिकवलं आणि या मंदिरात कितीतरी वेळा गेले. यंदा दिवाळीच्या सुट्टीत नववीतल्या भाच्याला घेऊन गेले. त्याने वहीत ते चार आकडे उतरवून घेतले, एकाला एक चिकटून: ९३३, १८७, २७०, ५०. घरी आल्यावर म्हणाला, "मावशी, हे सगळं मिळून एकच संख्या धरली तर? ती कशाकशाने कटेल?"

त्याच्या वहीतली संख्या अशी: ९३३१८७२७०५०. त्र्याण्णव अब्ज, एकतीस कोटी, सत्त्याऐंशी लाख, सत्तावीस हजार पन्नास. तिला इतिहासात काही अर्थ नाही, ती आम्हीच जोडून केली. पण मोठ्या संख्येच्या पोटात काय असतं ते शिकायला कोणतीही संख्या चालते, आणि ही आपल्या गावची.

आधी शब्दांबद्दल थोडं. इथल्या शाळांतून हिंदी पुस्तकं, म्हणून भाचा 'अभाज्य' म्हणतो आणि मी 'मूळ संख्या' म्हणते. अर्थ एकच: १ आणि ती स्वतः, याशिवाय जिला दुसऱ्या कशानेही पूर्ण भाग जात नाही अशी, १ पेक्षा मोठी संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ अशा. याहून महत्त्वाचा फरक आपल्या भाषेने आधीच करून ठेवलाय, तो म्हणजे अंक आणि संख्या यांचा. अंक ही लिहिण्याची खूण. संख्या म्हणजे त्या खुणांनी दाखवलेलं मोजमाप. पुढचं सगळं या फरकावर उभं आहे.

शेवटी ५० आहे, तेव्हा ५० ने भाग जाणारच. कारण त्याच्या आधीचा भाग शेकड्यांत मोजला जातो आणि शंभराला ५० ने भाग जातो. भागून उरतात १८६६३७४५४१. आता अंकांची बेरीज: १+८+६+६+३+७+४+५+४+१ = ४५. बेरजेला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. हा नियम सगळे घोकतात, पण तो का चालतो ते फारसं कोणी विचारत नाही, आणि मला त्याचं नेहमी वाईट वाटतं, कारण उत्तर दोन ओळींचंच आहे. १० म्हणजे ९ अधिक १, १०० म्हणजे ९९ अधिक १, १००० म्हणजे ९९९ अधिक १. प्रत्येक स्थानाच्या किमतीतून ९ चा हिस्सा काढून घेतला, की एक-एकच उरतो. ७ शतक म्हणजे ९ चा काही हिस्सा आणि वर सुटे ७. सगळ्या स्थानांवरचे सुटे एकत्र केले की अंकांची बेरीज मिळते. मग ती ९ मध्ये बसते का, एवढंच बघायचं.

९ ने भागल्यावर आले २०७३७४९४९. भाच्याने पुन्हा बेरीज केली, पुन्हा ४५! परत ९ ने भागलं: २३०४१६६१. आता बेरीज २३, म्हणजे ९ सोडाच, ३ सुद्धा जात नाही. एकूण ३ चार वेळा बाहेर पडले.

इथे देवळालीचे दत्तात्रय कापरेकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या या माणसाने ६१७४ या संख्येची गंमत जगाला दाखवली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला त्यांनी 'हर्षद' नाव दिलं, हर्ष देणारी. आमच्या अकरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ४५ आणि तिला ४५ ने भाग जातो, म्हणजे ती हर्षद. शिलालेखातले आकडे सुटे घेऊन पाहिले. २७० ची बेरीज ९, भाग जातो. ५० ची बेरीज ५, भाग जातो. १८७ ची १६, जात नाही. ९३३ ची १५, जात नाही. शून्यवाले दोन्ही हर्षद आणि बिनशून्याचे दोन्ही नाहीत. हा योगायोगच, पण भाचा जागेवरून उठून नाचला.

मी त्याला थांबवलं, कारण नेमकी इथेच अंक आणि संख्या यांची गल्लत होते. आपण दहा-दहाचे गठ्ठे बांधून मोजतो. समजा आठ-आठचे बांधले असते. तर २७० लिहिले असते ४१६ असे: चौसष्टचे चार गठ्ठे, आठाचा एक, सुटे सहा. त्या खुणांची बेरीज ११, आणि २७० ला ११ ने भाग जात नाही. तेवढीच फुलं, तेवढीच जमीन, पण हर्षदपणा गेला. म्हणजे तो गुण लिहिण्याच्या पद्धतीतून येतो. उलट २७० म्हणजे २ × ३ × ३ × ३ × ५, हे गठ्ठे कसेही बांधा, दगडावर कोरा की दोरीला गाठी मारा, बदलत नाही. कापरेकरांचं मोल याने कमी होत नाही. लिखाणाच्या या खेळातूनच पोरांना संख्यांची गोडी लागते, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलंय.

आता उरलेली २३०४१६६१. ७, ११ आणि १३ साठी एकच युक्ती पुरते, कारण ७ × ११ × १३ = १००१. हजार म्हणजे १००१ पेक्षा एक कमी. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-उणे करायचे: ६६१ − ४१ + २३ = ६४३. याला ७ ने भागलं तर बाकी ६, ११ ने ५, १३ ने ६. तिघेही बाद. १७ ने भागून पाहिलं, बाकी १४.

मग १९. याची युक्ती मला माझ्या आजोबांनी शिकवली होती. शेवटचा अंक काढा, दुप्पट करा, उरलेल्या संख्येत मिळवा. पुन्हा तेच.

२३०४१६६१ चा १ काढला, त्याची दुप्पट २, झाले २३०४१६८. मग २३०४३२. मग २३०४७. मग २३१८. मग २४७. मग ३८. आणि ३८ म्हणजे दोन एकोणीस!

कारण असं: उरलेली संख्या 'अ' आणि शेवटचा अंक 'ब' धरला, तर सुरुवातीची संख्या झाली दहा 'अ' अधिक 'ब'. तिची दुप्पट वीस 'अ' अधिक दोन 'ब'. त्यातून एकोणीस 'अ' वगळले की उरतो एक 'अ' अधिक दोन 'ब', म्हणजे आपण केलं तेच. दुप्पट केल्याने १९ च्या भागण्यात काही फरक पडत नाही.

२३०४१६६१ भागिले १९ = १२१२७१९. इथपर्यंत अर्धा तास लागला होता, चहासकट. यापुढे लागल्या तीन संध्याकाळी.

१२१२७१९ ला कशाने भाग जातो? कुठपर्यंत बघायचं, हे आधी ठरवावं लागतं. संख्या दोन अवयवांत मोडत असेल, तर दोन्ही अवयव एकाच वेळी तिच्या वर्गमुळापेक्षा मोठे असू शकत नाहीत, नाहीतर गुणाकार संख्येच्या वर जाईल. ११०१ चा वर्ग १२१२२०१ आणि ११०२ चा १२१४४०४. तेव्हा ११०१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. त्या आहेत १८४. १७ पर्यंतच्या सात आधीच बाद झाल्या होत्या, पण १९ पुन्हा जाऊ शकतो, म्हणून तोही धरायचा. उरल्या १७७. भाचा भागत होता, मी पडताळत होते. कॅल्क्युलेटर हातात होता, पण बाकी वहीतच मांडायची अशी अट होती.

१९, बाकी ६. २३, बाकी २१. ३१ ला बाकी ३०, एकाने हुकलं. ११३ ला बाकी ३. १६३ ला बाकी १६२, पुन्हा एकाने हुकलं. तिसऱ्या दिवशी १०६१ चारने हुकला. शेवटची मूळ संख्या १०९७, बाकी ५३४. कशानेच भाग गेला नाही. १२१२७१९ ही मूळ संख्या आहे.

भाच्याचा चेहरा पडला होता. त्याला वाटत होतं तीन दिवस फुकट गेले, 'कुछ निकला ही नहीं'. मग मी त्याला शेजारचं घर दाखवलं: १२१२७२०. ही संख्या म्हणजे २४० × ३१ × १६३. तिचे तुकडेच तुकडे होतात, आणि एक पाऊल अलीकडे अशी संख्या की जिला तडाच जात नाही. ३१ आणि १६३ दोघे एकाने का हुकले, तेही यातच दिसलं. मूळ संख्या कुठे येणार, हे शेजाऱ्यांकडे पाहून कळत नाही. हे त्याने १७७ भागाकार करून स्वतः अनुभवलं, आणि फळ्यावर मी कितीही लिहिलं असतं तरी ते त्याला असं कळलं नसतं.

तर आमची संख्या पूर्ण उलगडली:

९३३१८७२७०५० = २ × ३ × ३ × ३ × ३ × ५ × ५ × १९ × १२१२७१९

दुसऱ्या कोणी दुसऱ्या वाटेने सुरुवात केली, आधी १९ काढले, मग ५, तरी शेवटी हेच तुकडे हाती येतील, एकही जास्त नाही, एकही कमी नाही. याला अंकगणिताचा मूलभूत सिद्धांत म्हणतात. तो आपल्याला इतका सवयीचा झालाय की त्याचं आश्चर्य वाटेनासं झालंय.

या तुकड्यांवरून विभाजक मोजता येतात, एकेक न शोधता. विभाजक तयार करायचा म्हणजे प्रत्येक मूळ संख्या किती वेळा घ्यायची ते ठरवायचं. २ घ्या किंवा घेऊ नका, दोन पर्याय. ३ शून्य ते चार वेळा, पाच पर्याय. ५ चे तीन, १९ चे दोन, १२१२७१९ चे दोन. २ × ५ × ३ × २ × २ = १२०. आमच्या संख्येला बरोबर १२० विभाजक आहेत.

आता भाच्याचा पुढचा प्रश्न, आणि तो खरंच चांगला होता: "सात अंकांसाठी तीन दिवस, तर शंभर अंकांसाठी?" भागत बसून ते होत नाही. पण संख्या मूळ आहे की नाही एवढंच हवं असेल, तर दुसरी वाट आहे. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने सांगितलं, की २ पेक्षा मोठी मूळ संख्या घ्या, २ चा घात तिच्यापेक्षा एकाने कमी इतका करा आणि तिनेच भागा, बाकी १ च उरते. ७ घ्या: २ चा सहावा घात ६४, सातने भागून बाकी १. आता ९ घ्या: २ चा आठवा घात २५६, नवाने भागून बाकी ४. म्हणजे ९ मूळ नाही. हे ठरवताना ९ चे अवयव शोधावेच लागले नाहीत!

मी १२१२७१९ साठी हा हिशोब हाताने केला. घात प्रचंड, पण दरवेळी वर्ग करायचा आणि लगेच भागून बाकीच ठेवायची, असं केलं की वीसेक पायऱ्यांत संपतो. बाकी आली १. भाच्याच्या १७७ भागाकारांवर शिक्कामोर्तब झालं. या चाचणीला चकवणाऱ्या संख्याही असतात. ३४१ म्हणजे ११ × ३१, तरी तिची बाकी १ च येते. म्हणून ही चाचणी 'नाही' म्हणाली तर शंभर टक्के नाही, 'हो' म्हणाली तर बहुधा हो. कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि तुलनेने झटपट सांगणारी, कसलीही अट किंवा नशिबाचा भाग नसलेली रीत २००२ साली सापडली, तीही कानपूरच्या आयआयटीत. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ती दिली.

मात्र संख्या मोडते हे कळणं आणि कशी मोडते ते कळणं, यांच्यात मोठी दरी आहे. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ येतात. १६४४ मध्ये मेर्सेन यांनी ही मूळ संख्या असल्याचं म्हटलं होतं. १८७६ मध्ये ल्युका यांनी ती मूळ नसल्याचं दाखवलं, पण अवयव कोणालाच माहीत नव्हते. १९०३ साली फ्रँक नेल्सन कोल अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कमधल्या बैठकीत फळ्यापाशी गेले आणि असं सांगतात की एक शब्द न बोलता त्यांनी १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार करून दाखवला. सभेने टाळ्या वाजवल्या. गुणाकार पाचवीतलं पोरही करू शकतं. पण ते दोन अवयव सापडेपर्यंत २७ वर्षं गेली होती.

गुणणं सोपं आणि मोडणं अवघड, याच एका गोष्टीवर १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी गुप्त संदेशांची पद्धत उभारली, तिला आरएसए म्हणतात. दोन मोठ्या मूळ संख्या स्वतःकडे ठेवायच्या आणि फक्त त्यांचा गुणाकार जाहीर करायचा. २०२० मध्ये अशी एक २५० अंकी संख्या मोडली गेली. ते काम एकाच प्रोसेसरच्या एका कोअरवर केलं असतं तर सुमारे २७०० वर्षं लागली असती. प्रत्यक्षात आज वापरल्या जाणाऱ्या संख्या सहसा ६१७ अंकी असतात.

एवढं सगळं झाल्यावर आम्ही पुन्हा त्या बागेकडे वळलो, खरं तर मला तिथेच जास्त रमायला होतं. २७० हात बाय १८७ हात. तिच्यात एकसारखे चौकोनी वाफे पाडायचे, एक इंचही जमीन वाया न घालवता, तर वाफा जास्तीत जास्त किती हातांचा? शाळेच्या भाषेत, मसावि काढायचा. २७० मध्ये २, ३, ५ आहेत. १८७ मध्ये ११ आणि १७. सामाईक काहीच नाही. म्हणजे वाफा एका हाताचाच, आणि असे ५०४९० वाफे. अवयव न काढताही हे दिसतं. बागेतून सर्वांत मोठा चौरस कापत जायचं: १८७ चा एक, मग ८३ चे दोन, २१ चे तीन, २० चा एक, आणि शेवटी उरतो एक हात रुंदीचा पट्टा. भाच्याने आलेख कागदावर ही बाग काढली, एकूण २७ चौरस. युक्लिडची रीत ती हीच. आर्यभटाने ४९९ मध्ये सांगितलेल्या कुट्टक या रीतीतही असंच बाकीने भागत, पुन्हा बाकीने भागत जायचं असतं.

आणि २७० बद्दल एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. तिचे विभाजक सोळा: १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, २७, ३०, ४५, ५४, ९०, १३५, २७०. बेरीज ७२०. या सोळा संख्यांची हरात्मक सरासरी काढायची, म्हणजे जाताना एक वेग आणि येताना दुसरा असताना आपण जशी सरासरी काढतो तशी. विभाजकांसाठी तिचं सूत्र सोपं होतं: संख्या गुणिले विभाजक किती, भागिले विभाजकांची बेरीज. २७० × १६ = ४३२०, त्याला ७२० ने भागलं, आले पूर्ण ६. सहसा इथे अपूर्णांक येतो. पूर्णांक येणाऱ्या संख्यांचा अभ्यास नॉर्वेचे गणितज्ञ ऑयस्टाइन ओर यांनी १९४८ मध्ये मांडला. त्यांना ओर संख्या म्हणतात. हजाराच्या आत अशा सातच आहेत: १, ६, २८, १४०, २७०, ४९६, ६७२. हा गुण लिखाणाचा नाही. आठाच्या गठ्ठ्यांतही तो टिकतो. बागेची लांबी मोजणाऱ्याला यातलं काहीही ठाऊक नसणार. दोरी टाकली, २७० भरले, कोरून ठेवले.

या यादीत १ सोडला तर सगळ्या संख्या सम आहेत. १ पेक्षा मोठी विषम ओर संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही हेही कोणी सिद्ध केलेलं नाही. १ वर २४ शून्यं इतक्या मोठ्या संख्येपर्यंत ती नाही, एवढं संगणकाच्या मदतीने कळलंय. भाच्याला हे सांगितलं तर त्याने वहीचं नवं पान उघडलं, १ वर चोवीस वर्तुळं काढली, शिलालेखातल्यासारखी लहान-लहान, आणि विचारलं, "त्याच्या पुढे?"